निळा कठडा

बोकड कापायचा की नाही, यावरच निम्मी सकाळ गेली.

न्याकिओचं म्हणणं सरळ होतं. "ज्याला कामावरून काढायचंय त्याला बोकड कोण खायला घालतं? चहा द्या, पाव द्या, सांगा आणि मोकळे व्हा."

"बाबांच्या जोडीदाराला चहा-पावावर काढायचं?" थोरला काहिगा म्हणाला. "रविवारी चर्चमध्ये कोणत्या तोंडानं उभा राहू मी?"

"तू उभा राहतोस कुठे? पहिल्या बाकावर बसून झोपतोस."

काहिगा चर्चच्या समितीवर होता, आणि आपण झोपत नाही, डोळे मिटून प्रार्थना करतो, असं त्याचं स्वतःचं मत होतं. बहिणीला उत्तर न देता त्याने धाकट्या भावाकडे पाहिलं. गिताऊने तोवर बोकड अवाकाडोच्या झाडाला बांधून सुरीला धार लावायला घेतली होती. काढायचं ठरो की ठेवायचं ठरो, मांस त्याला हवंच होतं. तेव्हा दोन विरुद्ध एक असा निर्णय झाला.

काढायचं होतं ते कारुगूंना. रुइरूतलं चार मजली 'वाहू हाऊस' या तिघांच्या वडिलांनी, थोरल्या गचांजांनी बांधलं, त्याला बायकोचं नाव दिलं आणि किल्ल्यांचा जुडगा कारुगूंच्या हातात ठेवला. गचांजांना जाऊन सात वर्षं झाली, जुडगा तिथेच होता. भाडं वेळच्या वेळी यायचं. कारुगूंनी आजवर एक शिलिंग इकडचा तिकडे केला नव्हता, आणि खरी पंचाईत तीच होती. माणूस चोर असता तर त्याला केव्हाच हाकलता आलं असतं.

"मी म्हणते, फोन उचलत नाहीत म्हणजे संपलं," न्याकिओ म्हणाली. नैरोबीत तिचं औषधांचं दुकान होतं आणि फोन न उचलणाऱ्या माणसाला ती मेलेला समजत असे. "चार वेळा केला की एकदा उचलतात. आणि उचलला की म्हणतात, सगळं ठीक आहे. विचारायच्या आधीच!"

"वय झालंय. ऐकू कमी येतं," काहिगा म्हणाला.

"खोल्या रिकाम्या पडतात, ते खरं लक्षण," गिताऊ सुरीवरून बोट फिरवत म्हणाला. "माझा मेहुणा म्हणतो..."

"तुझ्या मेहुण्यानं कार्ड छापून घेतलंय," न्याकिओ म्हणाली. "मॅनेजर, वाहू हाऊस. माझ्या दुकानात ठेवून गेला. कारुगूकाका अजून खुर्चीत आहेत आणि ह्याचं कार्ड बाजारात!"

"दूरदृष्टी आहे त्याला."

"तुझ्या बायकोला आहे."

स्वयंपाकघराच्या दाराशी, बुटक्या स्टुलावर वाहू बटाटे सोलत बसली होती. बटाट्यांत कुटून मुकिमो करायला मका शिजत होता. मुलांचं सगळं तिच्या कानावर पडत होतं आणि बटाट्याची सालं न तुटता लांबच लांब निघत होती. ज्या घरावर आपलं नाव आहे ते घर सांभाळायला कोण हवं, हे आपल्याला कोणी विचारत नाही, याचं तिला नवल वाटत नव्हतं. रागही आला नव्हता. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, राहू द्या त्यांना. आणि त्याचं कारण तिने कुणालाच सांगितलं नसतं. कारुगू त्या जिन्यावर आहेत तोवर आपल्या नवऱ्याचं काहीतरी अजून चालू आहे, असं तिला वाटत असे. ते बंद करायचं म्हणजे त्याला दुसऱ्यांदा पुरायचं.

"भाडेकरू काय म्हणतात?" तिने विचारलं.

भाडेकरूंना कोणी विचारलंच नव्हतं. मग सगळ्यांनी काहिगाच्या मुलाकडे पाहिलं. मागच्या रविवारी घर बघून यायला त्यालाच पाठवलं होतं.

मुलाचं नाव गचांजाच. थोरल्या मुलाच्या थोरल्या मुलाला आजोबाचं नाव, ही आमच्याकडची रीत, आणि नाव दिलं की माणूसही तोच. म्हणून थिकाच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या या तिशीच्या मास्तरला त्याचा बाप 'बाबा' म्हणायचा, काका आणि आत्याही 'बाबा'च म्हणायची. वाहू त्याला लहानपणापासून 'नवरोबा' म्हणत आली होती. त्याने पसारा केला की, "माझा नवरा मेला आणि परत आला, पण सवयी सुधारल्या नाहीत," असं शेजारणींना सांगायची. काहिगाला स्वतःच्या मुलावर आयुष्यात एकदाही धड ओरडता आलं नव्हतं.

"आजी, भाडेकरू काहीच म्हणत नाहीत," गचांजा म्हणाला. "एकही तक्रार नाही."

"बघा!" काहिगा म्हणाला.

"जिन्याचा तिसऱ्या मजल्यावरचा लोखंडी कठडा सुटला होता. कारुगूनं तो तारेनं बांधून ठेवला आणि वेल्डर आणतो म्हणाला. पावसाळा आला, गेला. मग तिथली एक बाई, आठव्या महिन्यातली, पाण्याचे डबे घेऊन चढताना त्याला टेकली. कठडा हातात आला. मागून शेजारीण येत होती, तिनं ओढून धरलं म्हणून वाचली."

सुरीचा आवाज थांबला.

"आणि मग?" न्याकिओने विचारलं.

"मग भाडेकरूंनी आपसांत वर्गणी काढली. स्वतःच वेल्डर आणला, कठडा पक्का केला, रंग दिला. निळा. सगळं घर हिरवं आणि तेवढाच कठडा निळा. कारुगूला कोणी एका शब्दानं बोललं नाही. मी गेलो तर तो मला म्हणाला, गड्या, चार महिने झाले, एक तक्रार नाही."

वाहूच्या हातातलं साल तुटलं. तिने ते तुकडे उचलून गाईच्या टोपलीत टाकले. माझ्या नावाच्या घरात, तिच्या मनात आलं. माझं नाव दारावर आणि बाई जिन्यात लटकलेली.

"मग संपलं," ती म्हणाली. "लोक ज्याच्याकडे तक्रार घेऊन जायचे थांबले, तो मॅनेजर गेलाच म्हणायचा. त्याला कळवायचं तेवढं राहिलंय. कोण कळवणार?"

इथे खरी अडचण सुरू झाली. कारुगू आणि थोरले गचांजा एकाच वर्षी, एकाच पहाटे सुंता झालेले. अशा जोडीदाराची मुलं म्हणजे आपलीच मुलं. त्यामुळे कारुगू हे या तिघांना नुसते काका नव्हते, एक प्रकारे बापच होते, आणि बापाला कामावरून कसं काढतात हे कोणाला शिकवलेलं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: काहिगा सुरुवात करेल, न्याकिओ कठड्याचं सांगेल आणि गिताऊ शेवट करेल. गचांजाने फक्त मांस उलटायचं.

कारुगू आले ते दुपारी, तपकिरी सूट घालून. हा सूट याआधी लोकांनी गचांजांच्या अंत्यविधीला पाहिला होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातात साखर आणि चहाची पिशवी. फाटकाशीच त्यांनी हवेत नाक वर केलं.

"बोकड! वहिनी, बोकड कापलात माझ्यासाठी? न्याकिओनं फोनवर इतकं गोड निमंत्रण दिलं, तेव्हाच म्हटलं, आज काहीतरी आहे." त्यांनी सगळ्यांचे हात हातात घेतले. "मी थोडक्यात बोलणार नाही हं, आधीच सांगून ठेवतो."

माणसाला निरोप द्यायला बोकड कापला की तो बोकडाचा काय अर्थ लावेल, हे सकाळच्या इतक्या चर्चेत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. न्याकिओने भावाकडे असं पाहिलं की त्याला चहा-पाव आठवला.

जेवणं अर्ध्यावर आली तेव्हा काहिगा उठला. त्याने मनाशी वाक्य पाठ केलं होतं: काका, आता तुम्ही विश्रांती घ्या. पण समितीवरच्या माणसाला एकदम वाक्यावर येता येत नाही. त्याने आधी देवाचे आभार मानले. मग पावसाचे. मग बाबांची आठवण काढली, आणि बाबांवरून ओघानेच बाबांच्या मैत्रीवर आला, मैत्रीवरून निष्ठेवर. तिथे त्याचा आवाज दाटून आला. आवाज दाटल्यावर त्याला काय बोलतोय याचं भान उरत नसे.

"...असा मॅनेजर देव सगळ्यांना देवो," तो शेवटी म्हणाला. "आणि काका, गटुंडूच्या रस्त्यावर आम्ही जी नवी जागा घेतोय, तिच्यावरही तुमचीच नजर राहू द्या."

तो खाली बसला. क्षणभराने आपण काय केलं हे त्याला कळलं आणि त्याने मोठा हाडाचा तुकडा तोंडात घातला.

"दोन घरं दिलीस त्यांना," न्याकिओ दातओठ खात पुटपुटली आणि उठली. तिला भाषण करायचंच नव्हतं. कठडा, वेल्डर, ती बाई. तीन वाक्यं. "काका..."

"लेकी, तुझा पाय कसा आहे गं?" कारुगूंनी विचारलं.

ती आठ वर्षांची असताना पेरूच्या झाडावरून पडली होती. तिचा पाय मोडला तेव्हा याच माणसाने तिला पाठीवर घेऊन मिशनच्या दवाखान्यापर्यंत चिखलातून चालत नेलं होतं. वाटेत ती त्याच्या मानेवर ओकली होती आणि त्याने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

"बरा आहे, काका," न्याकिओ म्हणाली आणि खाली बसली.

मग गिताऊ. गिताऊ अर्धा उठला, खिशातल्या मेहुण्याच्या कार्डाला हात लावला, आणि म्हणाला, "मी मांस आणतो." मांस समोरच होतं, तरी तो गेला.

कारुगूंना खूप बरं वाटत होतं, असं सगळ्यांना वाटलं. ते हसत होते, पण घास घेत नव्हते. त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात टेकवला आणि आभाराचं बोलायला उठू लागले.

"अहो," वाहू म्हणाली. "तुम्ही बोला."

ती कारुगूंशी बोलत नव्हती. ती शेगडीपाशी उभ्या असलेल्या नातवाकडे पाहत होती. आजवर ती त्याला नवरोबा म्हणत आली होती, त्यात हसू असायचं, थट्टा असायची. 'अहो' ती फक्त एकाच माणसाला म्हणायची, आणि तो शब्द या अंगणात सात वर्षांत कोणी ऐकला नव्हता. काहिगा नकळत उभा राहिला. त्याला उभा पाहून न्याकिओही उभी राहिली.

गचांजाचे हात तेलाने माखले होते. ते कुठे पुसावेत हे त्याला सुचेना, म्हणून त्याने ते तसेच ठेवले. लहानपणी तो पाच वर्षांचा असताना 'काय रे कारुगू' म्हणायचा आणि त्याबद्दल म्हाताऱ्याकडून गोळी मिळायची. या घरात कारुगूंना अरे-तुरे करण्याचा हक्क त्याला एकट्याला होता. आज पहिल्यांदाच त्या हक्काचं ओझं वाटलं.

तो येऊन कारुगूंच्या समोर बसला.

"काय रे कारुगू."

"काय गड्या."

"आपण सुंतेच्या पहाटे नदीत उतरलो, तेव्हा पुढे कोण होतं?"

कारुगूंच्या चेहऱ्यावर हसू आलं. ही गोष्ट त्यांनीच त्याला शंभरदा सांगितलेली. "तूच. तू नेहमीच पुढे. मी तुझा खांदा धरून. पाणी असं गार की दात वाजत होते, आणि तू मला म्हणतोस, आवाज करू नकोस, लोक म्हणतील घाबरला."

"लग्न?"

"तुझं मळणीआधी, माझं मळणीनंतर. त्याच वर्षी."

"म्हाताऱ्यांच्या पंगतीत कधी बसलो?"

"एकाच दिवशी. तू बोकड दिलास, मी बोकड दिला. माझा जरा बारीक होता, ते तू जन्मभर ऐकवलंस."

"मग कारुगू," गचांजा म्हणाला, "सगळं आपण एकाच वर्षी केलं. मी काम थांबवलं त्याला सात वर्षं झाली. तू अजून त्या जिन्यावर काय करतोयस?"

झाडाखाली कोंबडी माती उकरत होती. वाहूने डोळे मिटून घेतले. 'मी काम थांबवलं,' असं तिच्या नवऱ्याने तिला आज सांगितलं होतं. ऐकायला सात वर्षं लागली.

कारुगूंनी हातातलं हाड ताटात ठेवलं, मग उचलून पुन्हा नीट ठेवलं.

"कठड्याचं आहे ना?"

गचांजाने मान हलवली.

"मला वाटलंच. मी कधी निळा रंग आणला नाही." ते काठीच्या टोकाकडे पाहत बोलत होते. "तार बांधल्यानंतर मी वर गेलोच नाही. गुडघे चढू देत नाहीत, पण ते सांगायला जीभ रेटत नाही. खालून पाहिला, अंगणातून. निळा. त्या दिवशी संध्याकाळी खुर्ची दाराबाहेर काढून बसलो. म्हटलं, आता कोणीतरी येईल, भांडेल. म्हणेल, म्हाताऱ्या, बाई मेली असती तुझ्यामुळे. मी काय उत्तर द्यायचं तेसुद्धा ठरवलं होतं. माफी मागणार होतो. कोणी आलं नाही. रोज बसतो. जाता-येता सगळे नमस्कार करतात. इतक्या हळू आवाजात, की वाटतं घरात कोणी आजारी आहे."

"काका, मग आम्हाला सांगायचं ना," काहिगा म्हणाला.

"तुला?" कारुगू इतक्या मोठ्याने म्हणाले की कोंबडी पळाली. "गेले तीन डिसेंबर मी तुला, आता झेपत नाही, हे सांगायला येतोय! दर वेळी मी तोंड उघडतो आणि तू उठून माझे आभार मानतोस! आज तर एक घर वाढवलंस!"

न्याकिओ आधी हसली, मग तिला हसू आवरेना, मग ती ओंजळीआड केव्हा रडायला लागली ते तिलाही कळलं नाही. काहिगा उभाच होता. बसावं की नाही, हे त्याला कोणी सांगत नव्हतं.

कारुगूंनी कोटाच्या खिशातून जुडगा काढला. काहिगाचा हात पुढे आला होता, त्याला वळसा घालून त्यांनी तो गचांजाच्या तेलकट तळव्यावर ठेवला.

"तू दिला होतास. तूच घे."

"कोणाला देऊ?" गचांजाने विचारलं.

मांस घेऊन आलेल्या गिताऊने घसा साफ केला आणि खिशाकडे हात नेला.

"निळा रंग जिनं आणला तिला," कारुगू म्हणाले. "म्वेंदे. तिसऱ्या मजल्यावर शिवणकाम करते. त्या बाईला तिनंच ओढून धरलं होतं. नळ गळला, दिवे गेले, नवरा-बायकोत वाजलं, लोक तिच्याच दारात जातात. दिवसभर खुर्चीत बसून तेवढं तरी मला दिसतं."

"पण ती कांबा जमातीची बाई," गिताऊ म्हणाला. "बाहेरची. घरातलं माणूस असताना..."

"त्या बाईनं हात धरला, तेव्हा विचारलं होतं का घरातली की बाहेरची?" वाहू म्हणाली. "ते कार्ड मला दे. चूल पेटवायला कागद लागतो."

गिताऊने कार्ड दिलं.

"आणि मी, वहिनी?" कारुगूंनी विचारलं. एवढा वेळ ताठ असलेला त्यांचा आवाज आता लहान झाला होता. "तळमजल्याची खोली मॅनेजरची असते."

"खोली कारुगूंची आहे. भाडेकरू म्हणून राहा. दर डिसेंबरला इथे येऊन जेवायचं, तेच भाडं." तिने काहिगाकडे पाहिलं. "भाषणं होणार नाहीत."

फाटकापर्यंत ती त्यांना पोचवायला गेली. परत आली तेव्हा तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. गचांजा भांडी गोळा करत होता. ती त्याच्याजवळ थांबली. तिने कमरेला गुंडाळलेल्या कापडाच्या टोकाने त्याचे तेलकट हात एकेक बोट करून पुसले.

"जा आता नवरोबा," ती म्हणाली. "तुमची उद्या शाळा आहे."

आठवड्याने, शाळेच्या मधल्या सुट्टीत, गचांजाला म्वेंदेचा फोन आला. मागे शिवणयंत्र चालू होतं, मग थांबलं.

"सर, एक अडचण आहे. तळमजल्यावरचे आजोबा माझ्या दारात उभे आहेत."

"तिसऱ्या मजल्यावर?" गचांजा म्हणाला. "चढून आले?"

"अर्धा तास लागला. सगळे दारात येऊन बघत होते. निळा कठडा घट्ट धरून, एकेक पायरी. मी म्हटलं मी खाली येते, तर म्हणाले, नाही, तक्रार करायला वरच जावं लागतं."

"काय तक्रार आहे?"

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. कारुगूंना धाप लागली होती, पण आवाज चांगला खणखणीत होता.

"माझा नळ तीन वर्षं गळतोय," ते म्हणाले. "ह्या घरात कोणी लक्ष देतं की नाही?"